वाक्यात उपयोग

दिवाडीहून शेवटची फेरी आणली,
नार्वेच्या धक्क्याला दोर घातला,
माणसं, दोन स्कूटर, एक मासळीची पाटी उतरली.
बाक पुसताना हाताला लागली वही.
कव्हरवर कपाच्या बुडाचा गोल डाग,
आत नाव: निशिता काशिनाथ पळ, अकरावी.
पट्टीने आखलेले तीन रकाने.
शब्द. अर्थ. वाक्यात उपयोग.

माझी शाळा मराठी, चौथीपर्यंत.
इंग्रजी पाचवीला यायचं होतं,
त्याआधी मी पाण्यावर आलो.
फुल, स्लो, ॲस्टर्न.
एवढ्या तीन शब्दांवर
एकवीस वर्षं ही नदी ओलांडतोय.

केबिनच्या बल्बखाली बसलो.
अक्षर लावत, ओठ हलवत,
जसं गाळातून बांबू रेटत होडी काढावी.
अर्थ होते म्हणून जमलं.
अर्थ मराठीत, शाईने,
आणि काहींच्या खाली पेन्सिलीने बारीक
घरात म्हणतात तो.
विंडो. खिडकी. खाली: जनेल.
वाक्य: आमच्या जनेलातून फेरीचा दिवा दिसतो.
माझा दिवा.
कुणी बघत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

ॲफोर्ड. परवडणे.
आम्हाला स्कूटर परवडत नाही
आणि आईला ते सांगणं परवडत नाही.
बाजूला लाल शाईत सिक्वेरा टीचर:
वाक्य लांब, दोन करा.

रिलक्टंट. मनात नसताना.
बाबा जहाजावर जायला रिलक्टंट होते.

पोस्टपोन. पुढे ढकलणे.
बाबांनी मे महिन्यातलं येणं पोस्टपोन केलं.
त्याच्याखाली, रकान्याबाहेर, कुणी विचारलं नसताना:
चवथीचंही.

फ्रीक्वेंटली. वारंवार.
माय फादर कॉल्स अस फ्रीक्वेंटली.
इथे मी अडलो.
कॉल्सचं शेवटचं अक्षर खोडलेलं
आणि वर दोन नवी, ई आणि डी,
शाई वेगळी, काळपट.
टीचरची खूण नाही. तिने बरोबरच दिलं होतं.

सकाळी इंजिनवाल्या मिंगेलला विचारलं,
शब्दाच्या शेपटीला ई-डी लागलं की काय होतं?
तो हात पुसत म्हणाला,
काही नाही रे, पूर्वी करायचा,
आता करत नाही, एवढंच.

एवढंच.
पाण्यावर तेलाचा तवंग पसरत होता,
मी उगाच बघत राहिलो.

वहीत शेवटचा शब्द होता अक्रॉस.
पलीकडे. पेन्सिलीने: पेल्याड.
तिसरा रकाना कोरा.
आता ह्या शब्दाचं वाक्य
माझ्याएवढं कुणाला येणार?
खिशात पेन होतं, तिकिटांच्या हिशेबाचं.
टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.
वही दुसऱ्याची.
आणि मला सुचत होतं ते
एका वाक्यात मावणारं नव्हतं,
टीचरने दोन करायला लावलं असतं.

साडेसातला ती आली, धापा टाकत,
वेणी अर्धीच घातलेली.
मी काही बोलायच्या आत बाकाखाली वाकून बघू लागली.
वही पुढे केली.
तिने उलटून पाहिली, छातीशी धरली,
मग माझ्याकडे बघून हळूच:
काका, वाचली नाही ना?

मी म्हटलं, बाय, मला कुठं इंग्रजी येतं.

बारा वर्षांची होती तेव्हापासून हेच सांगत आलोय तिला,
आजवर ते खरं होतं.

ती कठड्याशी जाऊन उभी राहिली,
वही उघडून, तोंडातल्या तोंडात.
खारफुटीवरून बगळे उठले.
दिवाडीचा धक्का जवळ आला
आणि रॅम्प टेकायच्या आधीच
नेहमीसारखी ती उडी मारायला निघाली.

स्लो, मी ओरडलो,
स्लो.