पर्यायी मजकूर

रुवीत, चौथ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत
एका दवाखान्याची वेबसाइट बांधत होते मी.
ओल्या वाळूच्या रंगावर कोरड्या वाळूची अक्षरं.
साहेबांना आवडली. "क्लासी," म्हणाले.
कॉन्ट्रास्ट मोजायच्या चौकटीत दोन्ही रंग टाकले
तर आकडा आला दोन पूर्णांक एक.
हवा होता साडेचार.
मी चौकट बंद केली.

मग परकार आले, खालच्या मजल्यावरचे,
तेवीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर, मूळचे हर्णैचे.
खुर्ची चाचपून बसले आणि आधी
माझा माउस उपटून खिशात घातला.
"चल आता. टॅबने."

टॅब. टॅब. टॅब.
स्क्रीन रीडर त्यांच्या सवयीच्या वेगाने सुटला,
मला निम्मं कळेना:
बटण. बटण. बटण. चित्र शून्य शून्य सत्तेचाळीस. बटण.
"कसलं बटण गो? लिफ्टचं की बाँबचं?"
तारखांच्या कॅलेंडरात शिरलो
तर बाहेर पडायला वाटच नाही:
ऑक्टोबर, नोव्हेंबर, पुढल्या वर्षीचा मार्च…
"माझा व्हिसा संपेल ह्याच्यात," परकार म्हणाले.

त्या रात्री थांबले ऑफिसात.
बटणांना नावं दिली. कॅलेंडरला दार पाडलं.
फोकसभोवतीची निळी चौकट,
कुरूप दिसते म्हणून मीच पुसलेली,
परत आणली.
मथळ्यांच्या पायऱ्या लावल्या, मधली एकही न गाळता.
अक्षरं काळी केली. साहेबांना विचारलं नाही.

चित्रांपाशी मात्र अडले.
"हसणारी सुंदर नर्स," असं लिहिलं होतं.
सकाळी परकारांनी ऐकलं, जरा गप्प बसले.
"सुंदर ते तू नको ठरवू.
काय आहे तेवढं सांग."

उठता उठता फोन पुढे केला.
घरून आलेला फोटो, धाकटीचा.
"ह्याला लिही."

लिहिलं:
जेटीवर उभी मुलगी, सोळा-सतराची.
डावा हात कपाळावर, उन्हासाठी. ओढणी पिवळी.
मागे तीन होड्या, एकीचा रंग उडालेला.

"पायात?"
मी फोटो मोठा केला.
चपला. दोन पायांत दोन वेगळ्या.

परकार हसले, ठसका लागेस्तोवर.
"माझीच गो ती."
मग एसी बंद करायला लावला,
आवाजाचा वेग कमी केला, खूप कमी,
मी कधी ऐकला नव्हता इतका,
आणि जेटीपासून पुन्हा लावलं.