सात परस

कार्यालयातल्या नकाशावर आमचा भाग अजून पिवळा आहे.
पिवळा म्हणजे सावध राहा.
सावधच आहोत, साहेब. झोपेतसुद्धा.

दर महिन्याला तीस घरं, तेच प्रश्न.
पाणी किती लांब, जाऊन यायला किती तास
(जातानाचा तास आणि भरल्या डब्यांनी येतानाचा तास
एक नसतो, पण रकाना एकच आहे),
उंटिणीनं काल दूध किती दिलं,
बोकडाचे बाजारात किती आले,
आणि त्यात मका किती डबे.

कबालेचं धाकटं माझ्या मांडीवर.
दंडाला पट्टी लावते, हिरवी, पिवळी, लाल.
तो ती चोखायला बघतो.
बारा पूर्णांक एक.
"लाल नाही?" कबाले विचारते.
लाल आला की दवाखान्यातून शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं मिळतात,
एक पाकीट तीन भावंडांत फिरतं.
"जरा घट्ट ओढ की गं. कुणाला कळतंय."
मी ओढली नाही.
नाही ओढली, असं इथे लिहिते आहे.

वरून उपग्रह बघतो. त्याला आमच्याकडे हिरवं दिसतं.
दिसणारच. वेडी बाभूळ आहे ती.
पाऊस तीनदा चुकला तरी तिचं काही बिघडत नाही.
शेंगा खाऊन शेळ्यांचे दात किडतात, जबडे वाकडे होतात,
पण आभाळातून दात कुठले दिसायला.
म्हातारा जालडेसा मेंढीचं आतडं उजेडात धरून
येणारं वर्ष वाचायचा.
त्याचंही चुकायचं कधीमधी.
आता चुकायलाही मेंढी नाही.

मग विहीर.
आमच्याकडे विहीर परसांनी सांगतात,
परस म्हणजे एक माणूस, उभा.
एकाच्या खाली एक, कडेच्या खोबणीत पाय रोवून, उघड्या अंगानं,
कातडी बादली हातून हाती वर येते, गाण्यावर.
ठेका चुकला की बादली चुकते.
मागच्या महिन्यात पाच होते.
या महिन्यात काठाशी डोळे मिटून मी आवाज मोजले.
सात.
सातवा माझा भाऊ गुयो, अगदी तळाशी.
त्याचा सूर आधी चिखलातून निघतो,
मग सहा गळ्यांतून वर येतो.

फोनमध्ये सगळ्यात शेवटी एक चौकट आहे,
इतर निरीक्षणे, एकशे साठ अक्षरं.
मी लिहिलं, विहीर पाच परसांवरून सातावर गेली.
चार दिवसांनी मार्साबिटहून उत्तर आलं, अगदी नम्र:
डिरामू, परस म्हणजे किती मीटर ते कळवावे.

माणसाएवढा, मी लिहिलं.
सातवा सोळा वर्षांचा आहे. अजून वाढतोय.

रेंजसाठी टेकडी चढावी लागते.
टेकडीवरून गाव सगळं एका नजरेत बसतं.
बाकीचे पुरुष गुरं घेऊन सीमेपलीकडे गेलेत,
उरलेले सात विहिरीत आहेत.
आठवा लागलाच तर
हलकानो आहे, विहिरीचा राखणदार, एका डोळ्यानं अधू.
जालडेसा आहे, बसल्या जागी खोकतो.
मी आहे.
बाया विहिरीत उतरत नाहीत, अशी रीत आहे.
मी चपला काढल्या ते दगड टोचत होते म्हणून.

निरोप गेला. नकाशा पिवळाच.
खालून गाणं ऐकू येतंय.
बादली आता अर्धीच भरून येते,
गाणं मात्र अख्खं लागतं.