ओहोटीची वही

पहिल्याच दिवशी दोन्या एदुविनानं
माझ्या पेन्सिलीच्या टोकाचं खोडरबर
शिंपले उघडायच्या सुरीनं छाटलं
आणि चिखलात भिरकावलं.
"पक्षी काही परत येत नाही तुझी रेघ सुधारायला."
एवढंच. मग गमबूट ओढत पुढे.

पुतेमूनची खाडी, सकाळचे सहा.
पाणी लांब गेलेलं, होड्या कुशीवर,
शेवाळ वेचणाऱ्या बायका वाकून वाकून लहान झालेल्या,
आणि त्यांच्या पलीकडे ते:
मळगुजे. आमच्या चिलोएत झारापितो म्हणतात.
शेकड्यांनी. चोची चिखलात पार डोळ्यांपर्यंत,
कुणाची तरी पडलेली सुई शोधत असल्यासारखे.

"चोच आधी काढू नकोस," ती म्हणायची.
"चोच कुणालाही दिसते.
वजन काढ. वजन कुठल्या पायावर आहे?"
वजन कसं काढतात याचा मी विचार करेपर्यंत
पक्षी दुसऱ्या पायावर गेलेला असायचा.

माझी पहिली वही:
पाठी. नुसत्या पाठी.
सत्तावीस मानांची वळणं, एकीलाही डोकं नाही.
एक शेपूट, आणि तिच्यापुढे पानभर काहीच नाही.
माझा भाऊ एलादियो, सामनच्या जाळ्यांवर दोन-दोन पाळ्या करणारा,
वही चाळून म्हणाला, "यांना कुणी मारलं रे?"

तिच्या वह्या चुलीवरच्या तारेला
माशांसारख्या उलट्या टांगलेल्या.
ब्रश ती तिथल्याच डबक्यात बुडवायची.
त्याच पाण्यात उभा आहे ना तो, म्हणायची.
मग पानावर मीठ सुकायचं, फुलायचं,
आणि पिसांवर यायचे पांढरे ठिपके
जे तिनं काढलेच नव्हते.

अपुरे तिचेही असायचे. पण अपुरे कसे,
तर वाक्य अर्ध्यात टाकून माणूस दाराबाहेर गेला
आणि घरातल्या सगळ्यांना पुढचं कळलं, तसे.

एकच मला खटकायचा.
प्रत्येक वहीत, ऑक्टोबरच्या आसपास,
एक मळगुजा एका पायाचा.
झोपलेला नाही, चोच पंखात नाही. चरणारा.
खाली तारीख, वाऱ्याची दिशा, आणि एक टिंब.
मी मनात म्हणायचो, बघा, हिच्याही हातून सुटतो.
दुसरा पाय काढायच्या आत उडाला असणार.
बरं वाटायचं मला त्यानं. खोटं कशाला सांगू.

चौथ्या वर्षी तिचा उजवा हात थरथरू लागला.
डाव्यानं काढू लागली. रेघा घसरायच्या,
वजन जागच्या जागी.

त्या सकाळी मान्सियांचा कुत्रा भुंकत खाडीत शिरला
आणि सगळा चिखलच उठला:
काळा पंख, पांढरा पट्टा, काळी शेपूट,
एक वळण, आणखी एक, माझी पेन्सिल हवेत.
मग थव्यानं स्वतःला पुन्हा अंथरलं,
आमच्यापासून वीस पावलांवर.
दोन्यानं माझं कोपर धरलं. बोलली नाही.

तो उड्या मारत चरत होता.
डावा पाय गुडघ्यापाशी संपलेला; जखम जुनी, कधीच भरलेली.
एक उडी. चोच आत. पंख जरासे उघडून तोल.
एक उडी.
अलास्कापासून इथवर, आणि तेवढंच परत,
दर वर्षी, त्या एका काडीवर उतरत.

मी वजन पाहिलं. पहिल्यांदाच.
सगळं एकाच पायावर होतं,
आणि फार नव्हतं.

"काढ," ती म्हणाली. "बारा वर्षं मी काढला.
आता माझा हात त्याच्याहून जास्त लंगडतो."

पाठ. मान. पाय.
दुसऱ्या पायाच्या जागी कागद होता, तो राहू दिला.
तारीख घातली. वारा वायव्येचा.
टिंब तिनं दिलं, डाव्या हातानं.
जरा घसरलं.