बारा मैलांपलीकडे

पहाटेचे पावणेचार. हाँगकाँग.
शेउंग वानमधल्या विसाव्या मजल्यावर
माझ्यासमोर एक विक्रीपत्र, सह्या झालेलं.
फक्त तारीख आणि वेळ कोरी.
ती मी भरायची. त्याचाच मला पगार.

विमान जुनं, सोळा वर्षं वापरलेलं,
खुर्च्यांना अजून आदल्या मालकाचा निळा रंग.
नाहा सोडून उलानबातरला निघालंय,
रिकामं, दोन वैमानिक आणि एक थर्मास घेऊन.
जमिनीवर विकलं तर कर,
जपानच्या आकाशात विकलं तरी कर.
म्हणून किनाऱ्यापासून बारा सागरी मैल ओलांडून,
पुढच्या देशाची शीव लागायच्या आत,
जिथे आकाशाला सातबारा नाही
तिथे विकायचं.
अडतीस मिनिटं मिळतात.
लग्नाचा मुहूर्त याहून सैल असतो.

फोनवर आम्ही पाचजण.
टोकियोहून कुसाकाबेबाई, विकणाऱ्यांच्या वकील,
माईक बंद करायला विसरल्यात;
मागे एक मूल खोकतंय, कोरडं, थांबून थांबून.
सगळ्यांना ऐकू येतंय. कुणी बोलत नाही.
सिंगापूरहून थेवराजा,
त्याच्या ताब्यात दोन कोटी वीस लाख डॉलर,
ना याचे, ना त्याचे.
उलानबातरहून ओयुनगेरेल, तिच्या खोलीत हीटरची टकटक.
पाचवा वर आहे.

"बारा मैल झाले," वैमानिक कळवतो.
थेवराजा म्हणतो, "एक मिनिट."
वकिलाचं एक मिनिट केवढं असतं, आम्हाला ठाऊक आहे.
बँकेच्या यंत्राला नाव पटत नाहीये:
करारात कंपनीच्या नावाशेवटी पूर्णविराम आहे,
खात्यात नाही.
एकशे चाळीस पानं मी तीनदा वाचली,
"शंका राहू नये म्हणून" असं एकोणीस ठिकाणी लिहिलं,
आणि शंका राहिली, टिंबाएवढी.

एकतीस मिनिटं उरली.
चोवीस.
थेवराजा कुणाशी तरी तमिळमध्ये बोलतोय,
ती भाषा कायद्याची वाटत नाही.
आणि ओयुनगेरेल एकदम विचारते,
"खाली काय दिसतंय?"
वैमानिक थांबतो. हा प्रश्न यादीत नाही.
"म्हाकुळाच्या होड्या. शेकडो. दिवे लावून बसल्यात.
शहर वाटतं. पण रस्ते नसलेलं."

माझे बाबा असंच एक पाणी पोहून आले होते,
त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, रात्री,
काखेत फुटबॉलचे दोन ब्लॅडर बांधून.
तळव्यांवर कालवांच्या शिंपल्यांचे वण होते, शेवटपर्यंत.
भीती नाही वाटली? मी विचारायची.
या काठाला वाटली, त्या काठाला वाटली, ते म्हणायचे.
मधोमध नाही.
मधोमध मी कुणाचाच नव्हतो.
मग चहात पाव बुडवायचे
आणि पुढचं सांगायचे नाहीत.

"सुटले," थेवराजा म्हणतो. पैसे.
नऊ मिनिटं आहेत.
मी एकेकाला नाव घेऊन विचारते, संमती आहे?
आहे. आहे.
कुसाकाबेबाईंचं "आहे" कुजबुजीएवढं.
मी लिहिते: चार वाजून सतरा मिनिटं,
अक्षांश, रेखांश, वैमानिकाने सांगितले तसे.
सातचा आकडा जरा वाकडा येतो.

झालं.
इंजिनाचा आवाज बदलला नसणार.
खालच्या होडीत कुणी जाळं सोडवता सोडवता
मान वर केली असेल, तर त्याने
एक लाल दिवा सरकताना पाहिला असेल,
अर्ध्या आभाळात एकाचा, अर्ध्यात दुसऱ्याचा.

अभिनंदन, अभिनंदन. एकेक जण फोन ठेवतो.
टोकियो तेवढं सुरूच राहिलंय.
मूल पुन्हा खोकतं. बाई काहीतरी गुणगुणतात.
माझं काम संपलंय,
तरी मी लगेच बटण दाबत नाही.
टिंबाचं सकाळी बघू.