अर्धा हत्ती

दुंडाप्पाच्या टेंपोत नऊ पोरं, मी,
भाकऱ्यांची टोपली, आणि त्याची स्वतःची एक शेळी,
जी हुक्केरीच्या फाट्यावर उतरवायची होती
पण बोलता बोलता तो विसरला.
म्हणून गडाच्या सहलीला आम्ही एकूण बारा.

हेडसरांनी कागद दिला होता, भरून आणा:
कोणी बांधला, कधी, बुरूज किती.
पायथ्याच्या पाटीवर वर कन्नड, खाली मराठी
होती कधीतरी.
गंजानं दोघींचं मिटवून टाकलेलं.

बाळेशनं विचारलं, बाई, राजाचं संडास कुठं होतं?
मी म्हणाले, पुढे चला.
अठरा वर्षं शिकवल्यावर
हे एक उत्तर तोंडात पक्कं बसलंय.

दरवाजात उजव्या हाताला हत्ती.
म्हणजे पाठ, शेपूट, मागचे दोन पाय,
आणि पोटापाशी दगड तुटलेला.
तोंड कुठं गेलं?
तोफेच्या गोळ्यानं, जयश्री म्हणाली, पाहून आल्यासारखी.
मी खोडलं नाही.
गडावर आलेल्या पोरांना
एक तरी लढाई लागतेच.

आत गाव. तटाला टेकून गोठे,
भिंतींत गडाचे दगड, गडाच्या भिंतीत गावाचे खिळे,
खिळ्यांना जू, कासरे, एक शाळेचं दप्तर.
सगळ्यात उंच बुरुजावर कडबा रचलेला
आणि त्याच्याशेजारी उभा एक माणूस
मिरचीच्या दरावरून कुणा व्यापाऱ्याशी फोनवर भांडतोय.
रेंज फक्त तिथंच येते.
म्हणजे टेहळणी अजून सुटलेली नाही.

पाणी प्यायला निलव्वाच्या अंगणात थांबलो.
तिनं धुणं बाजूला सारलं, तांब्या भरला,
आणि दगडावरचा फेस ओसरत गेला
तशी आधी सोंड दिसली.
मग एक डोळा.
दुसरा, लुगडी आपटून आपटून, केव्हाच मिटलेला.

सोहेलच्या हातातलं पाणी तसंच राहिलं.
कस्तुरीनं वेणीची रिबीन सोडली,
तुटलेली कड मापली, गाठ मारली,
आणि नऊच्या नऊ पोरं दरवाजाकडे पळाली, मागे शेळी.
जुळलं! जुळलं बाई! चार बोटं कमी, बाकी जुळलं!
दुंडाप्पा तर दोरखंडच घेऊन आला.

निलव्वा पिळा पिळत राहिली.
आनी अल्ल यव्वा, कल्ल.
कस्तुरी हळू आवाजात आम्हाला म्हणाली,
हत्ती नव्हे म्हणते, दगड.
तशी निलव्वा हसली. मला मराठी येतंय की गं,
माझं म्हायेर कागलकडचं.
ह्यो दगूड सासूनं दिलाय. तिला तिच्या सासूनं.
न्या की, पण सांगा आधी,
गडाला कुठं धुणं असतंय?

कुणाला काही सुचेना.
दुंडाप्पानं दोरखंड खांद्यावर टाकला,
जणू शेळीसाठीच आणला होता.
निलव्वानं सुपातून शेंगा ओतल्या,
आम्ही भाकऱ्या सोडल्या.
हत्तीच्या कपाळावर वाळायला घातलेली
निळी चोळी ठिबकत होती.

परतताना कागद पाहिला.
कोणी बांधला: कोरं. कधी: कोरं.
बुरूज: पाच, खोडून सहा, खोडून साडेसहा.
मागच्या बाजूला सोहेलचं चित्र.
डावीकडे शेपूट, उजवीकडे सोंड,
मधल्या जागेत गोठे, पाण्याची टाकी,
फोनवाला माणूस, दोरीवरची लुगडी, आख्खं गाव.

अरे, चार बोटांत एवढं मावलं कसं?
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
बाळेशच्या प्रश्नाकडे मी पाहिलं होतं तसं नाही,
जरा कीव करून.
पोट आहे ना ते, बाई.

हुक्केरीचा फाटा मागे पडला.
दुंडाप्पा उसाच्या बिलाबद्दल बोलत होता.
शेळी टेंपोतच होती.