राखेचा नमुना

माझ्या पिशवीत काचेच्या तीन बरण्या,
लांब दांड्याचा एक चमचा, रबरी मोजे,
आणि नगरपालिकेचं ओळखपत्र. त्यातल्या फोटोत
मी आहे त्याहून बराच कडक दिसतो.
कुणाच्या धुराड्यातून पिवळट धूर निघाला
की शेजारी फोन करतात, स्वतःचं नाव न सांगता.
मी जातो. राख भरून घेतो.
राखेला लपवता येत नाही काही:
रंगवलेली खिडकी, जुना बूट, दुधाचं खोकं,
जे जाळलं ते सगळं बोलते.

सायलेशियातली खाणकामगारांची चाळ, लाल विटांची.
शेवटचं घर. मागे कबुतरांची खुराडी.
हिल्देगार्दा कोचुर, वय एक्याऐंशी,
दार उघडून आधी माझ्या बुटांकडे पाहते.
'पुसून ये.'

तिच्या शेगडीत खोटं काहीच नव्हतं.
निव्वळ कोळसा, नवऱ्याच्या पेन्शनीबरोबर येणारा,
काळा आणि कायदेशीर, कालपर्यंत.
एक तारखेपासून शेगडीच बेकायदा झाली होती.
मी प्रांताच्या ठरावाचा कागद पुढे केला,
तिने त्यावर बटाट्याची सालं ठेवली.

'जगभरची माणसं आली होती ना कातोवित्सेला,
गळ्यात पट्टे अडकवून?
गेरार्ड स्वागताच्या बँडमध्ये होता.
काळी पिसं टोपीला, पोटाशी टुबा.
त्यांनी टाळ्या वाजवल्या,
मग आत जाऊन दोन आठवडे भांडले,
"करावे" लिहायचं की "करण्याचा प्रयत्न करावा".
शेवटी काय लिहिलं?'

मला माहीत नव्हतं.
मला एवढंच माहीत, की ते वाक्य
तिथून ब्रसेल्सला गेलं, तिथून वॉर्सोला,
प्रत्येक टेबलावर थोडं झिजलं,
आणि माझ्या हातात आलं तेव्हा
त्याचा एक तक्ता झाला होता.
रकाना नऊ: वार्षिक बचत, टनांत.

मी लिहिलं, चार.

ती हसली. मग खोकली. मग पुन्हा हसली.
'चार टन? गेरार्डची टोळी
तेवढा तर न्याहारीआधी वर काढायची.
वर काढला त्याचा पगार मिळायचा, पदक मिळायचं.
खाली राहू दिला त्याचं काय देतात?'

सही मात्र केली. रेघ न थरथरता.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो, तपासणीला.
भिंतीबाहेर पांढरा पंखा गुरगुरत होता.
शेगडीच्या जागी फरशीवर फिकट चौकोन,
त्यावर तिने खुर्ची मांडलेली, पण बसत नव्हती.
'ऊब आहे,' ती म्हणाली, तक्रार करावी तशी.
'पडदे पांढरेच राहतात. धुवायला निमित्त नाही.
आणि कबुतरं धुराड्यावर बसायची ना थंडीत,
आता बसत नाहीत.
त्या पंख्यापाशी जाऊन पाहिलं त्यांनी,
तो तर गार वारा फेकतो, मूर्ख.'

मी खुणा करत गेलो. आहे. आहे. चालू आहे.

निघताना दारातच पाय घसरला माझा.
तीन पायऱ्या, काचेसारखा बर्फ.
तिने दंड धरला, मला वाटलं होतं त्याहून घट्ट.
'इथे रोज राख टाकायचे मी.
साठ वर्षं कुणी पडलं नाही या पायऱ्यांवरून.
आता काय टाकू, ते आहे का तुझ्या तक्त्यात?'

नव्हतं. मी उलटून पालटून पाहिलं, तरी नव्हतं.

गाडीत मागच्या सीटखाली एक बरणी होती,
नमुना क्रमांक चारशे सतरा, कोचुर,
प्रयोगशाळेत द्यायची राहून गेलेली.
मी झाकण उघडलं.
जेमतेम एका पायरीपुरती होती,
मधल्या.

ती दारात उभी राहून बघत होती.
'कडेला पण टाक,' म्हणाली,
'मी कठड्याला धरून उतरते.'