पिवळे ओठ

नलिनाक्षबाबू घोरुई आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे,
खिदिरपूरला, गोदीचा भोंगा उशाशी वाजतो तिथे.
तेरा वेळा मेले होते ते, बायस्कोपात.
दोनदा विषाने, एकदा हत्तीच्या पायाखाली,
बाकी सगळ्या वेळा बुडून,
कारण गंगा फुकट होती.

त्याआधी तागाच्या गिरणीत गठ्ठे मोजत.
एकदा चालत्या ट्राममधून पडले,
आणि पडतानाही धोतराचा सोगा सोडला नाही
हे रस्त्यातल्या एका गृहस्थाने पाहिलं.
"पुन्हा पडाल का?"
एवढीच परीक्षा.

स्टुडिओला छप्पर नव्हतं. ऊन हाच दिवा.
चंदेरी कागद डकवलेल्या फळ्या धरून पोरं
त्यांच्या डोळ्यांत सूर्य ओतायची.
ढग आला की सगळं थांबे,
राजा आणि त्याचा मारेकरी
एकाच विडीवर.

लाल रंग त्या फिल्मवर काळा उमटे,
म्हणून ओठांना पिवळं फासत, हळदीसारखं.
"पिवळ्या ओठांनी प्रेम केलंय मी," ते सांगत,
"तिचेही पिवळेच. एकमेकांकडे पाहून हसू यायचं.
पडद्यावर मात्र आम्ही माणसांसारखे दिसायचो."
ती, एस्टर, पाटीवर हिरण्यबाला,
एका पौषात रंगूनच्या बोटीत बसली.
याच्यापुढे ते चहा मागत.

मेदिनीपूरहून आई आली होती, तंबूत खेळ बघायला.
पडद्यावर हे बुडाले.
"मी तिच्या शेजारी होतो गं, कोरडा ठणठणीत.
माझा हात झटकून ती पाण्याकडे धावली."
हे मात्र ते दर खेपेला वेगळं सांगत.
कधी आई पडद्यापर्यंत पोचे,
कधी नाही.

मग बोलपट आले.
त्यांचा आवाज वाईट नव्हता.
कुणी विचारला नाही, एवढंच.

चौदाव्यांदा गेले ते आमच्या जिन्यावर,
हातात दुधाचं भांडं, सोगा सुटलेला.
पुन्हा घ्या म्हणणारं कुणी नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी चडकाच्या जत्रेत
आईने मला बांगडी घेतली, मधाच्या रंगाची.
नलिनाक्षबाबूंनी माझं मनगट खिडकीशी धरलं,
खूप वेळ.
जुन्या फिल्मा मोडीत जातात, म्हणाले,
चांदी काढून घेतात, उरलेलं उकळून याच्या बांगड्या.
"मग यात कोण आहे?"
"धुतलंय सगळं," ते म्हणाले.
"पण हा हात चुलीपाशी नेऊ नकोस.
भडकन पेटेल."

ती बांगडी केव्हाच वाढवली.
आता चूलही नाही, गॅस आहे.
फोडणी मी अजून
डाव्या हाताने देते.